मराठी ब्लॉग दुरुस्तीच्या नोंदी : अंबाजोगाई, धाराशिव, नांदेड

२ ऑगस्ट २०२५, लातूर

तीन ब्लॉग दुरुस्तीला घेतलेत. पहिला अंबाजोगाईच्या एका निवृत्त सरांचा. वर्डप्रेसवर आहे, होस्टिंग (म्हणजे ब्लॉग ठेवायची सर्व्हरवरची जागा) विकत घेतलेलं. निजामाच्या राजवटीतल्या, रझाकारांच्या काळातल्या आठवणी सरांनी खेडोपाडी फिरून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकल्या आणि लिहून ठेवल्या. सांगणारी बहुतेक माणसं आता हयात नाहीत. दुसरा ब्लॉग धाराशिवच्या मित्राचा, किल्ल्यांवरचा. तिसरा नांदेडच्या ताईंचा, आपल्याकडच्या स्वयंपाकाचा. हे दोन्ही ब्लॉगरवर आहेत.

सरांचा फोन आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अहो, माझं लिखाणच दिसंना गेलंय. नुसती प्रश्नचिन्हं यायलीत." त्यांना १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, नवीन लेख टाकायचा आहे. तीच या कामाची मुदत.

मी डीटीपीचं काम करतो, त्यामुळे जुने फॉन्ट आणि युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) यांच्याशी रोजचा संबंध. ब्लॉग दुरुस्त कसा करायचा हे इंग्रजीत भरपूर सापडतं, पण त्यात जोडाक्षर तुटलं, रफार हलला, ऱ्य शोधात येईना याबद्दल अक्षर नसतं. म्हणून या नोंदी.

आज फक्त बॅकअप घेतले. ब्लॉगरमध्ये सेटिंग्जमधून बॅकअप घेतला की लेख, पानं आणि प्रतिक्रिया एका एक्सएमएल फाइलमध्ये उतरतात. फोटो त्यात येत नाहीत, फोटोंचे फक्त पत्ते येतात. थीमचा बॅकअप थीमच्या पानावरून वेगळा घ्यावा लागतो. वर्डप्रेसमध्ये एक्स्पोर्टवर थांबू नका, पीएचपीमायॲडमिन या डेटाबेस हाताळायच्या साधनातून सगळा डेटाबेस (लेख, प्रतिक्रिया जिथे साठतात तो साठा) उतरवा आणि अपलोड्सचं फोल्डरही घ्या. सरांचं अपलोड्स फोल्डर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवताना अर्धा दिवस गेला, मध्ये दोनदा लाइट गेली. तरी चालेल. हे झाल्याशिवाय एकाही बटणाला हात लावायचा नाही, कारण या तिघांकडेही ब्लॉगवर आहे तेवढीच प्रत आहे.

४ ऑगस्ट

सरांच्या ब्लॉगचं निदान.

बिघाड दोन प्रकारचे आहेत आणि त्यांतला फरक ओळखणं हे निम्मं काम. काही लेखांत मराठीच्या जागी विचित्र रोमन अक्षरं दिसतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याच्यामागे चार बाजूंना काड्या असलेलं छोटं वर्तुळ किंवा जपानी येनचं चिन्ह, मग आणखी काहीतरी, आणि पुन्हा तोच ए. हे दिसलं तर घाबरू नका. मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचला जातोय. यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि पहिली बाइट कायम ई० (कॉम्प्युटरच्या मोजणीतला एक आकडा) असते. लॅटिन-१, म्हणजे रोमन अक्षरांचा जुना संच, समजून वाचलं की तीच बाइट तो रेघवाला ए होऊन दिसते. म्हणून तो एवढ्या वेळा येतो.

दुसरा प्रकार प्रश्नचिन्हांचा. तिथे मूळ अक्षर गेलं. 'मराठी' शब्दाची पाच प्रश्नचिन्हं होतात, कारण काना आणि वेलांटी ही स्वतंत्र चिन्हं मोजली जातात. डेटाबेसमध्ये खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलेलं असतं. कुठलीही सेटिंग बदलून ते परत मराठी होत नाही.

एकाच ब्लॉगवर दोन्ही प्रकार कसे आले याचा उलगडा व्हायला संध्याकाळ झाली. डेटाबेसचे तक्ते सुरुवातीपासून लॅटिन-१ मध्ये होते आणि वर्डप्रेसची डेटाबेसशी जोडणीही लॅटिन-१ चीच होती. दोघांनी मिळून मराठीच्या बाइट जशाच्या तशा ठेवल्या, जशाच्या तशा परत दिल्या. कित्येक वर्षं कोणाला काही कळलं नाही. मग होस्टिंगवाल्यांनी सर्व्हर बदलला आणि वर्डप्रेसच्या कॉन्फिग (मूळ सेटिंग्जच्या) फाइलमधल्या जोडणीचं यूटीएफ-८ झालं. तक्ते तसेच राहिले. त्या दिवसापासून जुने लेख रोमन चिन्हांत दिसू लागले. सरांनी ते पाहून काही लेख उघडले, मजकूर पुसून पुन्हा मराठीत चिकटवला आणि अपडेट केलं. लॅटिन-१ च्या तक्त्याला देवनागरी ठेवता येत नाही, म्हणून त्याने दर अक्षरामागे एक प्रश्नचिन्ह लिहिलं. दुरुस्त करायला घेतलेले लेखच कायमचे गेले.

ज्यांच्या ब्लॉगवर असं काही दिसेल त्यांनी तो लेख उघडून अपडेट करू नये. नुसता बघा आणि बंद करा. ही एक गोष्ट वेळेवर सरांना कोणी सांगितली असती तर पुढची बरीच मेहनत वाचली असती.

५ ऑगस्ट

डेटाबेसची नक्कल माझ्या कॉम्प्युटरवर चढवून प्रयोग सुरू.

आधी एका ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये बिघडलेला मजकूर टाकून पाहिला. मराठी आली, पण भोकं पडलेली. जोडाक्षरं सुटली होती, पहिला उकार गायब, ए आणि झ गायब. 'पुस्तक'चं 'पसतक'. ठ आणि भही बऱ्याच ठिकाणी नव्हते. ही यादी योगायोगाची नाही. हलन्ताची (पाय मोडायच्या खुणेची) शेवटची बाइट ८डी, पहिल्या उकाराची ८१, ए ची ८एफ, झ ची ९डी. विंडोजच्या १२५२ या अक्षरसंचात या जागा रिकाम्या आहेत, त्यामुळे तिथून मजकूर गेला की त्या गळतात. ठ ची शेवटची बाइट ए० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा, ती कॉपी-पेस्टमध्ये साधी जागा होते. भ ची एडी म्हणजे न दिसणारी जोडरेघ, ती कुठेही पडून जाते.

म्हणजे पडद्यावरून कॉपी करून दुरुस्ती करायची नाही, आणि उतरवलेली डेटाबेस फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून सेव्हही करायची नाही. दुरुस्ती डेटाबेसच्या आतच व्हायला हवी. वर्डप्रेसचा डेटाबेस ज्यावर चालतो त्या मायएसक्यूएलचा लॅटिन-१ या रिकाम्या जागा सांभाळून ठेवतो, म्हणून तिथे काही गळत नाही.

जे चाललं ते असं: मोठ्या मजकुराचा कॉलम आधी ब्लॉब करायचा, छोट्या मजकुराचा व्हारचार कॉलम व्हारबायनरी करायचा (हे दोन्ही नुसत्या बाइट साठवायचे प्रकार). त्यामुळे डेटाबेस त्या बाइटना भाषा लावणं सोडतो. मग त्याच कॉलमला पुन्हा टेक्स्ट किंवा व्हारचार करताना यूटीएफ-८-एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) सांगायचं. थेट लॅटिन-१ वरून यूटीएफ-८ केलं तर डेटाबेस बिघडलेली चिन्हंच इमानदारीने भाषांतरित करतो आणि बिघाड पक्का होतो. मधली पायरी टाळू नका.

लेखांचं शीर्षक, मजकूर, सारांश, प्रतिक्रिया, प्रवर्गांची नावं, एवढे कॉलम केले. रात्री नकलेवर पहिला लेख नीट उघडला. सरांना त्याचा फोटो पाठवला. त्यांनी फोनवर तो लेख मला मोठ्याने वाचून दाखवला, पूर्ण.

७ ऑगस्ट

मूळ ब्लॉगवर तीच दुरुस्ती केली. सकाळी होस्टिंगवाल्यांशी बोलण्यात दोन तास गेले, कारण पीएचपीमायॲडमिनमध्ये मोठी फाइल चढत नव्हती. शेवटी कॉलम बदलण्याच्या आज्ञाच तिथे चालवल्या, फाइल चढवायची गरज पडली नाही.

आता प्रश्नचिन्हांचे लेख. ते बाहेरून गोळा करावे लागणार. पहिली जागा इंटरनेट अर्काइव्हचं वेबॅक मशीन, ते वेबसाइटींची जुनी पानं जपून ठेवतं. ब्लॉगचा पत्ता टाकला आणि सर्व्हर बदलण्याआधीची तारीख निवडली. मुखपृष्ठ आणि थोडे लेख मिळाले. गूगलच्या कॅशमध्ये बघा असा सल्ला अजून कोणी कोणी देतं, पण ती सोय गूगलने २०२४ मध्ये काढून टाकली.

दुसरी जागा सुचवली ती सरांच्या सूनबाईंनी. ब्लॉगवर ईमेलने लेख मिळण्याची सोय होती, आणि त्यांनी कधीकाळी नाव नोंदवलेलं होतं. त्यांच्या इनबॉक्समध्ये शोधलं तर लेखच्या लेख सापडले, काना-मात्रेसकट. तुमचा ब्लॉग कोणी मेलने वाचत असेल तर त्याचा इनबॉक्स ही तुमची दुसरी प्रत आहे.

राहिलेल्या लेखांच्या वर्ड फाइली सरांकडे सीडीवर आहेत. त्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये.

१२ ऑगस्ट

जुन्या फॉन्टचं रूपांतर. मला वाटलं होतं त्याच्या तिप्पट वेळ लागला.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात: युनिकोड रुळण्याआधी मराठी टाइप करताना फाइलमध्ये खरं तर रोमन खुणाच साठायच्या, फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवायचा. फॉन्ट नसला की समोर कचरा. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची मांडणी वेगळी, श्री-लिपीची वेगळी, कृतिदेवची वेगळी. म्हणून आधी फाइल नेमक्या कोणत्या फॉन्टची आहे ते वर्डमध्ये बघा. एकाच फाइलमध्ये शीर्षक एका फॉन्टचं आणि मजकूर दुसऱ्याचा असू शकतो. सरांच्या फाइलींत तसंच होतं. सगळी फाइल एकदम कन्व्हर्टरमध्ये टाकली तर शीर्षकं वेडीवाकडी आली.

चुका कुठे होतात ते ठरलेलं आहे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. साध्या अक्षरावर कन्व्हर्टर ती बरोबर हलवतो, जोडाक्षरावर चुकतो. 'स्थिती', 'व्यक्तिगत' असे शब्द एकेक करून तपासले. रफार उलटा: जुन्यात अक्षराच्या नंतर, युनिकोडमध्ये आधी. 'धर्म', 'मार्ग' नीट आले, पण 'कार्यकर्त्यांनी' मध्ये दुसरा रफार हलला. सरांच्या लेखात हा शब्द दर परिच्छेदात.

वाचून तपासण्याला पर्याय सापडला नाही. मी मजकूर वाचायचो, सर समोर वही धरून मूळ शब्द सांगायचे. मध्येच ते थांबून त्या माणसाबद्दल, त्या गावाबद्दल बोलायचे. तो वेळ मी कामात धरलेला नाही.

१४ ऑगस्ट

लेख परत आले, पण शोधात अर्धेच सापडतात. सरांनी ब्लॉगच्या शोधपेटीत 'पोलीस ॲक्शन' टाकलं. सप्टेंबर १९४८ मधल्या लष्करी कारवाईला आपल्याकडे जुनी माणसं हेच नाव घेतात, त्यामुळे ते जवळजवळ प्रत्येक लेखात आहे. मिळाले मोजके लेख.

कारण अक्षरातच आहे. हा ॲ तीन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ॲ हे स्वतंत्र चिन्ह, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दोन, अ च्या पुढे चंद्र. तीन, अ, मग न दिसणारा जोडक, मग चंद्र. डोळ्याला तिन्ही एकच, कॉम्प्युटरला तीन वेगळे शब्द. कीबोर्ड बदलला, कन्व्हर्टर बदलला की रूप बदलतं.

तेच 'ऱ्य'मधल्या अर्ध्या र चं. 'शेतकऱ्यांचा' आणि 'शेतकर्‍यांचा' हे दोन शब्द वाचताना फरक कळणार नाही. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र चिन्ह आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. सरांच्या ब्लॉगवर गावकरी, शेतकरी, म्हातारी, बिचारी यांची सगळी रूपं अशी दुभंगलेली होती.

मी सगळीकडे ॲ आणि ऱ ही स्वतंत्र चिन्हं ठेवली. डेटाबेसमध्ये बदल करताना फक्त लेखांचा मजकूर, शीर्षक आणि प्रतिक्रिया एवढेच कॉलम घ्या. वर्डप्रेसच्या ऑप्शन्सच्या (सेटिंग्ज साठवणाऱ्या) तक्त्यात मजकुराची लांबी आकड्यात नोंदलेली असते. तिथे आंधळेपणाने शोधा-बदला केलं तर लांबी जुळत नाही आणि विजेट (पानाच्या कडेच्या पेट्या) उडतात. बदलाआधी पुन्हा बॅकअप घेतला.

आता 'पोलीस ॲक्शन'ला सगळे लेख येतात.

१७ ऑगस्ट, धाराशिव

मित्राकडे आलो. त्याच्या ब्लॉगवरचे जुने फोटो दिसत नाहीत, फोटोच्या जागी तुटक्या चित्राची खूण. त्याने तेव्हा फोटो ब्लॉगरवर न चढवता एका फुकट फोटो साठवणाऱ्या साइटवर ठेवले होते आणि तिथले पत्ते लेखात दिले होते. ती साइट बंद झाली. वेबॅक मशीनमध्ये पानं मिळाली, मोठे फोटो मिळाले नाहीत, लहान लघुचित्रं काही मिळाली. शेवटी त्याची जुनी हार्ड डिस्क काढली. नळदुर्ग, परांडा, औसा, उदगीर, कंधार, सगळे मूळ फोटो त्यात होते. ते लेखात परत बसवताना मात्र कोणता फोटो कुठे होता हे त्यालाच आठवावं लागलं. फाइलला कॅमेऱ्याने दिलेलं क्रमांकाचं नाव होतं. ज्यांना पुढे असं काम नको असेल त्यांनी फाइलला किल्ल्याचं आणि जागेचं नाव देऊनच फोटो चढवावेत.

दुसरी तक्रार पान उघडायला लागणाऱ्या वेळाची. नळदुर्गच्या पाणी महालावरच्या लेखात नर-मादी धबधब्याचे इतके फोटो आहेत, आणि प्रत्येक फोनमधून थेट चढवलेला, चार-पाच एमबीचा. खेड्यात रेंज कमी असली की वाचणारा कंटाळून परत जातो. सगळे फोटो लहान करून पुन्हा चढवायची गरज नाही. ब्लॉगरच्या फोटोच्या पत्त्यात एस१६०० किंवा एस४००० असा तुकडा असतो, तो आकार आहे. लेखाच्या एचटीएमएल दृश्यात जाऊन दाखवायच्या चित्राच्या पत्त्यात तो एस१००० केला की गूगल तेवढाच लहान फोटो पाठवतं. मूळ मोठा फोटो जागेवर राहतो. क्लिक केल्यावर उघडणाऱ्या दुव्याचा आकार मी बदलला नाही, कारण शिलालेख वाचणाऱ्याला मोठा फोटो हवा असतो.

१८ ऑगस्ट, धाराशिव

लेबलांचा प्रश्न. २०२३ मध्ये शहरांची नावं बदलली. त्याच्या लेखांवर 'उस्मानाबाद', 'धाराशिव', 'औरंगाबाद', 'संभाजीनगर', 'छत्रपती संभाजीनगर' अशी सगळी लेबलं आहेत. एकाच जिल्ह्याचे किल्ले विखुरलेले.

लेबल जुळवणं सोपं. लेखांच्या यादीत जुन्या लेबलाचे लेख निवडायचे, एकदम नवं लेबल लावायचं, मग जुनं काढायचं. लेबलाच्या पानाचे जुने दुवे तुटतात, पण त्याने गूगलच्या शोधावर परिणाम होत नाही. ब्लॉगरच्या मूळ रोबोट्स फाइलमध्ये (शोधयंत्रांनी कुठली पानं बघू नयेत हे सांगणारी फाइल) 'सर्च'ने सुरू होणारे पत्ते अडवलेलेच असतात आणि लेबलांची पानं त्यातच येतात.

त्याचं म्हणणं होतं की लेखांच्या आतही सगळीकडे नाव बदलून टाकू. मी नको म्हटलं आणि थोडा वाद झाला. लेखात जुन्या दस्तऐवजांतले उतारे आहेत, जुन्या नकाशांवरची नावं आहेत. शोधा-बदला केलं तर उताऱ्यातलं नावही बदलेल आणि तो उतारा खोटा होईल. सरांचंच उदाहरण दिलं: त्यांच्या लेखातली माणसं अंबाजोगाईला 'मोमिनाबाद' म्हणतात, कारण निजामाच्या काळात तेच नाव होतं. ते बदलायचं का? शेवटी ठरलं की लेबल नवं, मजकूर जसा लिहिला तसा. ज्याच्या घरचा ब्लॉग, त्याने आपापलं ठरवावं, पण उताऱ्यांना हात लावू नये असं माझं ठाम मत आहे.

पत्त्यांबद्दल एक गोष्ट. ब्लॉगरवर देवनागरी शीर्षक दिलं की लेखाच्या पत्त्यात ते उतरत नाही. 'ब्लॉग-पोस्ट', मग 'ब्लॉग-पोस्ट_१२' असे पत्ते तयार होतात. नवा लेख प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये (लेखाच्या कायमच्या पत्त्याच्या जागी) स्वतःचा रोमन पत्ता लिहा. जुन्या लेखांचे पत्ते आम्ही बदलले नाहीत, ते कितीतरी व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलेले आहेत.

२४ ऑगस्ट, नांदेड

पोळ्याला सगळं बंद होतं. काल नांदेडला आलो.

ताईंचा ब्लॉग चालू आहे, पण बघवत नाही. त्यांचे शब्द: "वाचायलाच होईना गेलंय बघा, डोळे दुखायलेत." धपाटे, शेंगोळे, येसर, वेळ अमावस्येची भज्जी आणि आंबील, सगळं नीट मापासकट लिहिलेलं. थीम मात्र कुठल्यातरी फुकट साइटवरून उतरवलेली, रोमन अक्षरांसाठी बनवलेली.

चार गोष्टी सापडल्या. अक्षरांमधलं अंतर वाढवणारी लेटर-स्पेसिंग चालू होती. रोमनला ती शोभते, देवनागरीत शिरोरेघ तुटते आणि प्रत्येक अक्षर सुटं लटकतं. ती शून्य केली. ओळींमधलं अंतर १.२ होतं, त्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसत होता. ते १.७ केलं. मजकूर दोन्ही कडांना जुळवलेला होता, फोनच्या अरुंद पडद्यावर त्यामुळे शब्दांत मोठाल्या फटी पडायच्या. डावीकडे जुळवला. आणि पहिलं अक्षर मोठं करायची नक्षी काढून टाकली, कारण 'ज्वारी'ने सुरू होणाऱ्या लेखात ज्वा चे तुकडे होत होते.

फॉन्टसाठी ताईंना मराठी वळणाचा ल आणि श हवा होता. बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळण आधी येतं. टिरो देवनागरी मराठी हा गूगल फॉन्ट्सवरचा फॉन्ट खास मराठी वळणाचा आहे, शीर्षकांना तो लावला. मजकुरासाठी मुक्ता, फक्त दोन जाडीत, कारण देवनागरीच्या फॉन्ट फाइली वजनाला जड असतात. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा 'एमआर' अशी लिहिली. ज्या फॉन्टमध्ये मराठी रूपं आत ठेवलेली असतात ते ही खूण वाचूनच ती दाखवतात.

हे सगळं बसवून पान ताजं केलं तर दुसऱ्याच जाहिरातीच्या साइटवर गेलं. त्या फुकट थीमच्या तळाशी बनवणाऱ्याचा दुवा होता, तो मी काढला होता. थीममध्ये गुंडाळून ठेवलेली एक स्क्रिप्ट तो दुवा आहे का तपासते आणि नसेल तर वाचकाला पळवून नेते. ती उकलत बसण्यात दुपार गेली, एक काढली की दुसरी निघायची. ती थीम सोडूनच दिली. ब्लॉगरची स्वतःची कॉन्टेम्पो लावली आणि वरच्या सगळ्या दुरुस्त्या कस्टमाइझमधल्या सीएसएसच्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या सूचनांच्या) पेटीत टाकल्या. थीम बदलताना जुन्या थीममध्ये हाताने घातलेला मजकूर जातो. ताईंनी मापांचा तक्ता, 'एक चिपटं म्हणजे किती' असा, थीमच्या आतच लिहिला होता. बॅकअप फाइलमधून तो परत मिळाला, आता तो स्वतंत्र पानावर आहे.

४ सप्टेंबर

महालक्ष्म्या उरकल्या आणि ताईंचा फोन आला, ब्लॉग उघडत नाही. डॉट कॉम डोमेनची, म्हणजे ब्लॉगच्या विकत घेतलेल्या पत्त्याची, मुदत संपली होती. डोमेन कधीतरी एका दुकानदाराने काढून दिलेलं, त्याच्याच ईमेलवर, आणि नूतनीकरणाच्या सूचना त्या मेलवर जात होत्या. ते दुकान आता नाही.

सुदैवाने मुदत नुकतीच संपली होती, त्यामुळे नेहमीच्या दरात, बाराशेच्या आसपास, नूतनीकरण झालं. हा सवलतीचा काळ उलटला की डॉट कॉम डोमेन तीस दिवस सोडवणुकीच्या अवस्थेत जातं आणि तेव्हा कित्येक पट पैसे मोजावे लागतात. त्यानंतर पाच दिवसांनी ते कोणालाही मिळतं. दुकानदाराचा शोध गावभर घेतला. भले माणूस, त्यांनी लॉगिन शोधून दिलं. आता खातं ताईंच्या मेलवर आणि त्यांच्या फोन नंबरवर आहे.

डीएनएसही तपासला, म्हणजे डोमेनचं नाव कुठल्या सर्व्हरकडे नेतं त्या नोंदी. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारी नोंद) 'जीएचएस डॉट गूगल डॉट कॉम'कडे होता. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू न लिहिता पत्ता टाकला तर मात्र काही येत नव्हतं. त्यासाठी चार ए रेकॉर्ड (नावावरून सर्व्हरच्या आकडी पत्त्याकडे नेणाऱ्या नोंदी) लागतात: २१६.२३९.३२.२१, आणि तिसऱ्या आकड्याच्या जागी ३४, ३६, ३८ घालून उरलेले तीन. एकच घातला होता. चारही घातले, सेटिंग्जमध्ये एचटीटीपीएस चालू केलं आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही पत्ते नीट चालले.

वाचकांना मेल जाणं २०२१ मध्येच थांबलं होतं, गूगलच्या फीडबर्नरने नवे लेख मेलने पाठवायची सेवा बंद केली तेव्हा. मेलसाठी नाव नोंदवायची पेटी काढून टाकली. ताई आता व्हॉट्सॲप चॅनलवर दुवा टाकतात.

१३ सप्टेंबर, अंबाजोगाई

सरांचा नवा लेख तयार आहे. दुवा व्हॉट्सॲपवर टाकला तर टक्क्यांच्या खुणांची लांबलचक साखळी, आणि पत्ता शीर्षकाच्या मध्येच तुटलेला. वर्डप्रेस पत्त्यासाठी २०० अक्षरांची जागा ठेवतो, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह पत्त्यात नऊ अक्षरं खातं. म्हणजे बावीस चिन्हांत जागा संपते, त्यात काना-मात्राही मोजलेल्या. सरांची शीर्षकं लांब असतात आणि ती तशीच असावीत. पत्ता मात्र छोटा, रोमन दिला. जुन्या प्रसिद्ध लेखांचा पत्ता बदलला तरी वर्डप्रेस जुना पत्ता लक्षात ठेवून वाचकाला नव्यावर नेतो, हे दोन लेखांवर करून बघितलं आणि मग बाकीचे बदलले.

लेखाखालच्या प्रतिक्रियांत जाहिरातींचा पूर होता. त्यातून खऱ्या प्रतिक्रिया हाताने वेगळ्या केल्या. त्यात आठवण सांगणाऱ्यांच्या नातवंडांनी लिहिलेल्या होत्या, सरसकट पुसल्या असत्या तर त्याही गेल्या असत्या.

१७ सप्टेंबर

सकाळी झेंडावंदन करून आल्यावर सरांनी लेख स्वतःच प्रसिद्ध केला. मी शेजारी होतो, माउसला हात लावला नाही. दुपारपर्यंत परभणी, बीडकडच्या लोकांच्या प्रतिक्रिया आल्या.

खर्च: डोमेनचे बाराशे, दोन पेन ड्राइव्ह, एसटीची भाडी. होस्टिंगचं बिल सर आधीपासून भरतात. सगळ्यांत जास्त गेला तो वेळ, आणि त्यातला बहुतेक जुन्या फॉन्टच्या फाइली वाचून तपासण्यात.

सरांच्या डेटाबेसची एक प्रत त्यांच्याकडे, एक सूनबाईंकडे, एक माझ्याकडे ठेवली. सगळे लेख साध्या मजकुराच्या फाइलीतही काढून दिले, म्हणजे उद्या वर्डप्रेस नसलं तरी वाचता येतील. वेबॅक मशीनवर प्रत्येक लेखाचा पत्ता 'सेव्ह पेज नाउ'मध्ये टाकला.

राहिलेलं काम: प्रश्नचिन्हांतले काही लेख अजून सापडलेले नाहीत. ते मेलमध्ये नाहीत, सीडीवरही नाहीत. सरांकडे त्यांच्या हाताने लिहिलेल्या वह्या आहेत, दिवाळीनंतर त्या टाइप करायला बसायचं ठरलंय.